टेबल टेनिसचं ऑलिम्पिक सुवर्ण म्हणजे चीनची मक्तेदारी?

‘टेबल टेनिसचं ऑलिम्पिक सुवर्ण चीनबाहेर कधी गेलंच नाही,’ असं सर्रास ठोकून दिलं जातं. साफ चूक. 1988 ते 2024 या काळातल्या 42 सुवर्णांपैकी 37 चीनची. उरलेली पाच कोरिया, स्वीडन आणि जपानची. सोलला 1988 मध्ये पुरुष एकेरीची अंतिम लढत चक्क दोन कोरियनांतच झाली! 1992 मध्ये स्वीडनचा वाल्डनर, 2004 मध्ये कोरियाचा ऱ्यू सुंग-मिन. सगळ्यात थरारक टोकियो. मिश्र दुहेरीत जपानचे मिझुतानी-इतो उपांत्यपूर्व फेरीत जर्मन जोडीसमोर निर्णायक गेममध्ये 2-9 असे मागे होते, तिथून 16-14 नं वाचले. अंतिम सामन्यात चिनी जोडीविरुद्ध पहिले दोन्ही गेम गेले, तरी 4-3 नं बाजी मारली. महिला एकेरीपुरती मात्र ती समजूत अजून तंतोतंत खरी आहे.