ड्युरँडचा चषक आणि नववा क्रमांक

ऑगस्ट उजाडला की गोव्यातल्या फुटबॉलवेड्या घरांत तीच चर्चा रंगते: ड्युरँड चषक स्पर्धेत आपला एफसी गोवा कसा खेळतोय आणि त्यावरून यंदा आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, काय होईल? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर २०२१ च्या हंगामाकडे जावंच लागतं.

३ ऑक्टोबर २०२१. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, समोर तिथलाच मोहम्मडन स्पोर्टिंग क्लब. म्हणजे गाव त्यांचं आणि प्रेक्षकही त्यांचेच. ९० मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेत, १०५व्या मिनिटाला फ्री किक मिळाली. गोव्याच्या एदू बेदियाने डाव्या पायाने ती घेतली आणि चेंडू जाळ्यात गेला. १-०. एफसी गोवाने पहिल्यांदाच ड्युरँड चषक उचलला आणि बेदिया स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्या संध्याकाळी आशा वाटणं अगदी स्वाभाविक होतं. हाच क्लब २०१९-२० मध्ये आयएसएलच्या साखळीत अव्वल राहिला होता. त्या जोरावर एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. फातोर्ड्यात, गोव्याच्या घरच्या मैदानावर, कतारच्या अल रय्यानला त्याने गोलशून्य बरोबरीत रोखलं होतं. प्रशिक्षक हुआन फेरांदो तेच, खेळण्याची पद्धत तीच आणि आता हातात चषक.

पण ड्युरँड आधी काय होती आणि २०२१ पर्यंत काय झाली होती, हे इथे समजून घ्यायला हवं. १८८८ मध्ये मॉर्टिमर ड्युरँड यांनी शिमल्यात ही स्पर्धा सुरू केली ती ब्रिटिश सैन्यातल्या संघांसाठी. १९४० मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगने ती जिंकली, तेव्हा पहिल्यांदा एका भारतीय क्लबचं नाव विजेत्यांत लागलं. पुढे आपल्याकडच्या क्लबांनीही ती गाजवली. गोव्यातल्या साळगावकरने १९९९, २००३ आणि २०१४ मध्ये, धेंपोने २००६ मध्ये, चर्चिल ब्रदर्सने २००७, २००९ आणि २०११ मध्ये. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने १९९८, २००१ आणि २००८ मध्ये. या संघांसाठी ड्युरँड जिंकणं हेच मोठं यश होतं. पूर्ण ताकदीचा संघ उतरवून जिंकायची ती स्पर्धा होती.

२०१९ मध्ये ती कोलकात्यात आली आणि आयएसएलच्या तोंडावर खेळली जाऊ लागली. आयएसएल क्लबांच्या लेखी ती हंगामाआधीची तयारी झाली. २०२१ मध्ये तर आयएसएलचे पाचच संघ आले. त्यांतही सगळे सारख्या तयारीने आले नव्हते. गोव्याने मुख्य संघ आणला. हैदराबाद आणि जमशेदपूर यांनी मुख्यतः तरुण, राखीव फळी पाठवली आणि दोघेही गटातच बाद झाले. जमशेदपूरला तर गोव्यानेच मोठ्या फरकाने हरवलं.

त्या हंगामाअखेर साखळीत पहिला आला जमशेदपूर. साखळीनंतरच्या प्ले-ऑफमधून आयएसएलचं विजेतेपद घेऊन गेलं हैदराबाद, तेही फातोर्ड्यातून. आणि ड्युरँडचा विजेता एफसी गोवा ११ संघांत नववा.

हे कशामुळे झालं? मला सर्वात जास्त बोलतो तो पहिला सामना. २२ नोव्हेंबर, फातोर्डा, कोविडमुळे खुर्च्या रिकाम्या. मुंबई सिटीने गोव्याला ३-० हरवलं आणि त्यांतले दोन गोल होते इगोर अंगुलोचे. आदल्या हंगामात १४ गोल करून गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचा पुरस्कार) मिळवलेला हाच अंगुलो तेव्हा गोव्याच्या जर्सीत होता. तो गेल्यावर पडलेलं खिंडार ड्युरँडमध्ये दिसलं नाही, कारण ते दाखवून देईल अशी बचावफळी समोर क्वचितच होती. पुढे जमशेदपूरकडून १-३ आणि नॉर्थईस्ट युनायटेडकडून १-२ अशी हार. तीन सामने, शून्य गुण. डिसेंबरात फेरांदो हंगामाच्या मध्यावर एटीके मोहन बागानकडे गेले आणि डेरिक परेरांनी सूत्रं हाती घेतली. शेवटच्या सामन्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्ध गोव्याच्या ऐराम काब्रेराने हॅटट्रिक केली, ४-२ अशी आघाडी मिळवली, तरी सामना ४-४ सुटला. गोल करता येत होते, राखता येत नव्हते.

पुढच्या वर्षी ड्युरँडमध्ये सर्व ११ आयएसएल संघ उतरले, पण विजेत्या गोव्याने राखीव संघ पाठवला. हंगामात सातवा क्रमांक आला, प्ले-ऑफ एका जागेने हुकलं. २०२३ मध्ये मात्र हैदराबादला विजेतेपद मिळवून दिलेले मानोलो मार्केझ गोव्याचे प्रशिक्षक म्हणून आले. मुख्य संघ ड्युरँडमध्ये खेळला आणि उपांत्य फेरीत मोहन बागानकडून १-२ हरला. चषक नाही, अंतिम फेरीही नाही. पण त्या पराभवात गोव्याच्या नोआ सदावीचा वेग दिसला आणि मोहन बागानसारख्या संघासमोर गोवा शेवटपर्यंत झुंजत राहिला. साखळीत तिसरा क्रमांक आला.

म्हणून सराव सामन्यांचा निकाल हाती आला की मी आधी दोन्ही संघांच्या अकरा नावांची यादी काढते. समोर कोण उतरलं होतं, आपला गोल करणारा टिकला आहे की दुसऱ्याच्या जर्सीत गेला आहे, हे त्या यादीत असतं. २०२१ च्या ऑक्टोबरातही ते तिथे लिहिलेलं होतं. आम्ही चषकाकडे बघत होतो.