द बुक ऑफ इन्व्हेजन्स (हॉर्सलिप्सचा अल्बम)

द बुक ऑफ इन्व्हेजन्स हा हॉर्सलिप्स या आयरिश रॉक बँडचा १९७६ सालचा अल्बम. पूर्ण नावात पुढे 'अ केल्टिक सिम्फनी' असंही जोडलेलं आहे, केल्टिक म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या संस्कृतीचं. आयर्लंडच्या जुन्या लोकधुना इलेक्ट्रिक गिटारवर, ड्रमच्या ठेक्यावर वाजवायची पद्धत याच बँडने रूढ केली, मग मधल्या काळात ते स्वतःच तिच्यापासून लांब गेले, आणि या अल्बमने ते परत तिथे आले पण जिथून निघाले होते अगदी त्याच जागी नाही, आणि म्हणूनच हा अल्बम एवढा महत्त्वाचा. ब्रिटनच्या अल्बम चार्टवर पोचलेला हा त्यांचा एकमेव अल्बम, तिथे तो ३९ व्या नंबरपर्यंत गेला होता.

बँडची सुरुवात १९७० ची, डब्लिनमधली. तिथल्या एका जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या मंडळींना बिअरच्या जाहिरातीत बँड म्हणून उभं केलं गेलं, आणि त्यातूनच पुढे खरा बँड झाला. एमन कार ड्रमवर, बॅरी डेव्हलिन बासवर, चार्ल्स ओकॉनर फिडल (म्हणजे व्हायोलिन), मँडोलिन आणि कॉन्सर्टिना या छोट्या भात्याच्या पेटीवर, जिम लॉकहार्ट कीबोर्ड, बासरी आणि टिन व्हिसलवर, आणि गिटारवर थोड्या उशिराने आलेला जॉनी फीन. तेव्हाच्या आयर्लंडमध्ये गावोगावच्या डान्स हॉलवर शोबँड नावाच्या बँडचं राज्य होतं, सूट घालून दुसऱ्यांची हिट गाणी वाजवायची आणि लोकांना नाचवायचं हा त्यांचा धंदा. हॉर्सलिप्स त्याच हॉलमध्ये गेले पण स्वतःची गाणी घेऊन, आणि तीही आजी-आजोबांच्या चालींवर बेतलेली. पारंपरिक संगीतवाल्यांपैकी बऱ्याच जणांना हे बिलकुल आवडलं नाही, त्यांच्या मते हा चालींचा अपमान होता, पण तरुण पोरांना पहिल्यांदाच असं रॉक मिळालं जे लंडन-अमेरिकेहून आलेलं नव्हतं. रेकॉर्डसुद्धा ते ओट्स या स्वतःच्या लेबलवर काढायचे. त्या काळात आयर्लंडमध्ये राहून, सगळं आपल्या हातात ठेवून रॉक बँड चालवणं ही साधी गोष्ट नव्हती.

१९७३ चा 'द टॉइन' हा त्यांचा दुसरा अल्बम, अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतातल्या गायीबैलांच्या लुटीच्या प्राचीन महाकथेवर. त्यातलं 'जॅरग डूम' हे गाणं ऐकलं की यांची रेसिपी लगेच कळते. ओनीलचा मार्च नावाची जुनी चाल घ्यायची, तिचा सुरुवातीचा तुकडा इलेक्ट्रिक गिटारवर जाडजूड आवाजात वाजवायचा, आणि त्यालाच गाण्याचा रिफ, म्हणजे परत परत येणारा तुकडा, बनवायचा. म्हणजे चाल गाण्याच्या मध्ये शोभेला येत नाही, सगळं गाणंच तिच्यावर उभं राहतं. हा रिफ इतका लोकांच्या अंगात मुरला की १९९० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला आयर्लंडच्या टीमसाठी जे गाणं निघालं त्यात तोच वापरला गेला, आणि आजही तिथे तो वाजला की लोक उठून उभे राहतात.

पण 'द टॉइन'नंतर गाडी हळूहळू दुसरीकडे वळली. १९७४ चा 'डान्सहॉल स्वीटहार्ट्स' ढोबळमानाने ओकॅरोलन या जुन्या अंध हार्पवादकाच्या (हार्प म्हणजे उभं तंतुवाद्य) भटकंतीवर बेतलेला होता तरी आवाज जास्त सरळ रॉकचा होता, आणि १९७५ चा 'द अनफॉर्च्युनेट कप ऑफ टी' तर चक्क पॉपकडे झुकला. गाणी वाईट नाहीत, पण ती दुसऱ्या कुठल्याही बँडची असू शकली असती, आणि जुन्या चाहत्यांची नाराजी याचसाठी होती. त्याच वर्षी त्यांनी एकदम उलट टोकाचंही काम केलं. 'ड्राइव्ह द कोल्ड विंटर अवे' नावाचा हिवाळ्याचा, ख्रिसमसच्या दिवसातला अल्बम काढला, जवळजवळ सगळा अकूस्टिक, पारंपरिक चालींचा. माझ्या मते परतीची खरी वाट इथे सापडली, कारण एका अल्बममध्ये नुसतं पॉप आणि दुसऱ्यात नुसतं लोकसंगीत असं वेगळं वेगळं करून पाहिल्यावरच दोन्ही परत एकत्र कसं आणायचं हे त्यांना नीट दिसलं असणार.

अल्बमचं नाव 'लेबोर गबाला एरेन' या मध्ययुगीन आयरिश ग्रंथावरून आलं. आयर्लंडवर एकामागून एक कोण कोण चालून आलं आणि बेट कसं वसलं याचा हा दंतकथांमधला इतिहास, साधूंनी मठांमध्ये बसून लिहिलेला, त्यामुळे त्याची गाठ बायबलशीही मारलेली. त्यातले तुआ डे डॅनन हे लोक बँडने निवडले, म्हणजे विद्या, कला आणि जादू जाणणारे देवासारखे लोक, जे आले, आधीपासून तिथे असलेल्या फिर बोल्ग लोकांना हरवून राज्य केलं, आणि शेवटी माणसांच्या पूर्वजांकडून म्हणजे मिलेशियनांकडून हरले आणि टेकड्यांच्या पोटात, जमिनीखाली निघून गेले. विषयाची निवड फार चांगली आहे, कारण जुनं जग नवीन लोकांसमोर मागे हटतं आणि तरी पुरतं जात नाही, ही गोष्ट इलेक्ट्रिक गिटार आणि फिडल एकत्र वाजवणाऱ्या बँडच्याच तोंडी शोभते.

आता यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट, ती म्हणजे मांडणी. जुन्या आयरिश परंपरेत संगीताचे तीन थोर प्रकार मानतात, ग्यान्ट्री म्हणजे आनंदाचं, गोल्ट्री म्हणजे शोकाचं, सूअन्ट्री म्हणजे झोपवणारं. मॉय तुराच्या लढाईच्या कथेत तुआ डे डॅननपैकी डाग्दा हा देव शत्रूने पळवलेली आपली हार्प परत आणायला जातो, शत्रूच्याच दिवाणखान्यात तिच्यावर हे तिन्ही प्रकार वाजवतो, लोक आधी रडतात मग हसतात मग गाढ झोपतात, आणि हा आपल्या साथीदारांसह सहीसलामत बाहेर पडतो. अल्बमचे तीन भाग या तीन प्रकारांच्या नावाने आहेत. त्यामुळे लोकसंगीताकडे परत जाणं म्हणजे नुसत्या चार जुन्या चाली घेणं राहिलं नाही, अल्बमचा साचाच त्या परंपरेतून आला.

ग्यान्ट्रीचा भाग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जोरदार. 'डेब्रेक' या वाद्यांच्या तुकड्याने उजाडतं, 'मार्च इंटू ट्रबल' हा छोटासा दुवा येतो आणि त्यातून थेट 'ट्रबल विथ अ कॅपिटल टी' सुटतं. इथे वापरलेली चाल ब्रायन बोरूचा मार्च, आयर्लंडमध्ये शाळेच्या पोरालाही माहीत असलेली, ज्या राजाच्या नावाने ती ओळखली जाते तो १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. मूळ चाल सहा मात्रांच्या झोक्यात चालते, दादरा ज्यांच्या कानात बसलाय त्यांना तो झोका परका वाटणार नाही. 'जॅरग डूम'वालीच युक्ती आहे, पण इथे हात जास्त सराईत झालाय, ओळखीची चाल कुठे संपते आणि बँडचं स्वतःचं गाणं कुठे सुरू होतं ते दाखवताच येत नाही. पुढे 'द पॉवर अँड द ग्लोरी', मग तुआ डे डॅननचा राजा नुआदा याच्या प्रकाशाच्या तलवारीवरचं 'सोर्ड ऑफ लाइट'. मध्ये छोटे छोटे वाद्यांचे तुकडे आहेत, त्यांनी एक गाणं दुसऱ्यात मिसळतं, त्यामुळे हा अल्बम शफलवर लावू नये, क्रमानेच ऐकावा.

गोल्ट्रीमध्ये 'वॉर्म स्वीट ब्रेथ ऑफ लव्ह'नंतर 'फँटेझिया' येतं, ही 'माय लगन लव्ह' या अल्स्टरच्या प्रेमगीताची चाल. ती हर्बर्ट ह्यूज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोनेगलमध्ये मिळवली आणि जोसेफ कॅम्बेल यांनी तिला शब्द दिले. बँडने इथे शब्द गाळले आणि चाल वाद्यांवर सोपवली. गायक या गाण्यात सूर लांबवत लांबवत जातात, ते काम इथे फीनच्या गिटारला करावं लागतं. ज्यांना वाटतं की इलेक्ट्रिक वाद्यावर पारंपरिक चालीचा भाव मरतो त्यांनी एवढा एक तुकडा नक्की ऐकावा.

सूअन्ट्रीबद्दल मात्र मला थोडी तक्रार आहे. 'साइडवेज टू द सन' अप्रतिम आहे, हरलेले तुआ डे डॅनन उन्हाकडे तिरके वळतात आणि दिसेनासे होतात ही कल्पना, आणि गाणंही तसंच हलकं. नंतर 'ड्राइव्ह द कोल्ड विंटर अवे', आधीच्या अकूस्टिक अल्बमचीच चाल, ती इथे परत येते हे बरोबर वाटतं. पण शेवट 'राइड टू हेल'वर, आणि हे गाणं ऐकून कोणाला झोप लागणार! गाणं म्हणून दमदार, पण त्या भागात कसं बसतं हे अजून पटलेलं नाही.

यानंतर बँड पुन्हा तसाच राहिला नाही. १९७७ चा 'एलियन्स' आणि १९७८ चा 'द मॅन हू बिल्ट अमेरिका' हे अमेरिकेला गेलेल्या आयरिश लोकांबद्दल आहेत, विषय घरचाच पण आवाज हळूहळू अमेरिकन रॉकचा झाला आणि फिडल-बासरी मागे सरकली. ऑक्टोबर १९८० मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम करून ते थांबले. उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार चालू असतानाही हा बँड तिथे जाऊन वाजवत होता आणि कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही बाजूंची पोरं ऐकायला यायची, त्यामुळे शेवट बेलफास्टला झाला याचं तिथल्या लोकांना आजही अप्रूप आहे. २००९ मध्ये बेलफास्ट आणि डब्लिनला ते परत मोठ्या स्टेजवर आले. जॉनी फीन २०२३ मध्ये गेला. हॉर्सलिप्सला केल्टिक रॉकचे जनक म्हणतात, आणि नंतरच्या केल्टिक मेटलवाल्यांनी यांच्याकडून भरपूर उचललं. नव्याने ऐकणाऱ्याने 'द टॉइन' आणि 'द बुक ऑफ इन्व्हेजन्स' हे दोन आधी ऐकावेत, मधले तीन नंतर.