पाचशे मायक्रॉनचा हिशेब

लेसरने चष्मा घालवायचा म्हणून तपासणीला गेलेल्या माणसाला सर्वांत गोंधळात टाकणारं उत्तर मिळतं ते असं : “तुमचा कॉर्निया बॉर्डरलाइन आहे.” धड होकार नाही, धड नकारही नाही. एक डॉक्टर म्हणतात करू, दुसरे म्हणतात नको, आणि दोघांच्या कागदावर जाडीचा आकडा मात्र तोच, ४९५ किंवा ५०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग माणूस त्या एका आकड्यावर अडकून बसतो. खरं तर जाडीच्या आकड्यापेक्षा कॉर्नियाचा आकार कितीतरी जास्त सांगतो.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा, घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक पडदा. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम तो एकटा करतो. मध्यभागी त्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. त्यात सर्वांत वर सुमारे ५० मायक्रॉनचं पेशींचं आवरण असतं, त्याला एपिथेलियम म्हणतात. ते खरवडलं गेलं तरी चार-पाच दिवसांत पुन्हा भरून येतं. त्याखालचा स्ट्रोमा मात्र वेगळा. कोलॅजनच्या धाग्यांचे थरावर थर रचून तो बनलेला असतो, कॉर्नियाची सगळी ताकद त्यात असते, आणि एकदा काढलेला स्ट्रोमा परत येत नाही. त्यातही पुढच्या भागातले धागे एकमेकांत घट्ट गुंफलेले असतात, मागचे सैल. लेसर जे काढतो, ते या पुढच्या, बळकट भागातलंच.

उणे नंबर घालवायचा म्हणजे कॉर्निया मध्यभागी थोडा चपटा करायचा. एक्सायमर लेसरचे १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण स्ट्रोमाचा सूक्ष्म थर उडवतात. तो किती जाडीचा, याचा ढोबळ हिशेब कागदावर करता येतो. ज्या वर्तुळात नंबर पूर्ण उतरवायचा, त्याच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून तीनने भागायचं; एका नंबरामागे तेवढे मायक्रॉन. व्यास ६.५ मिलिमीटर असेल तर एका नंबराला सुमारे १४ मायक्रॉन. प्रत्यक्षात यंत्रानुसार आकडा थोडा वरखाली होतो, त्यामुळे आपल्या अहवालावरचाच आकडा धरावा.

आता जाडी ५०० आणि नंबर उणे ५ असं धरू. लॅसिकमध्ये आधी ११० मायक्रॉनची पातळ चकती, फ्लॅप, बिजागरीसारखी उचलतात, आणि त्याखाली ७० मायक्रॉन लेसरने काढतात. फ्लॅप नंतर जागेवर बसतो, पण कापलेले धागे पूर्वीसारखे जुळत नाहीत; म्हणून ताकदीच्या हिशेबात त्याला धरत नाहीत. खाली उरतात ३२० मायक्रॉन. किमान २५० उरायलाच हवेत ही जुनी मर्यादा, आणि सावध सर्जन ३०० पाळतात. इथवर ठीक. पण याच डोळ्याचा नंबर उणे ७ असता, तर ९९ मायक्रॉन काढावे लागले असते आणि २९१ उरले असते. शिवाय फ्लॅप आणि काढलेला भाग मिळून एकूण जाडीच्या ४२ टक्के होतात. कॉर्नियाच्या आकाराचे नकाशे व्यवस्थित असलेल्या डोळ्यांतही हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की धोका वाढतो. व्यास ६ मिलिमीटरवर आणला तर हिशेब बसतो, ३०६ उरतात. पण रात्री बाहुली त्याहून मोठी होणाऱ्या माणसाला दिव्यांभोवती वलयं दिसू लागतात. मायक्रॉन वाचवण्यासाठी वर्तुळ लहान करणं ही बचत फुकटची नसते, आणि ती केली असेल तर रुग्णाला आधी सांगायला हवं.

धोका कशाचा? डोळ्याच्या आतला दाब कमजोर झालेल्या कॉर्नियाला हळूहळू पुढे ढकलतो, तो शंकूसारखा फुगतो, उणे नंबर परत चढतो, तिरका नंबर वाढतो आणि चष्मा लावूनही स्पष्ट दिसेनासं होतं. याला एक्टेशिया म्हणतात. लॅसिकनंतरचे असे पहिले रुग्ण थिओ झायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली नोंदवले. हे काही महिन्यांनी घडतं, कधी काही वर्षांनीही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात छान दिसतंय यावरून काहीच ठरत नाही.

पुढे लक्षात आलं की एक्टेशिया झालेल्या अनेक डोळ्यांत केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया आपणहून शंकूसारखा होण्याच्या आजाराची, सुरुवात आधीपासूनच होती. लेसरने फक्त त्याला वाट करून दिली. म्हणूनच ४९० मायक्रॉनचा पण सगळीकडे सारखा, दोन्ही डोळ्यांत जुळणारा कॉर्निया हा ५४० मायक्रॉनच्या पण खालच्या बाजूला जास्त वळलेल्या कॉर्नियापेक्षा पुष्कळ भरवशाचा.

हा वाकडेपणा शोधताना एपिथेलियम चकवतं. स्ट्रोमा जिथे वर उचलला जातो तिथे हे आवरण पातळ होतं आणि भोवती जाड होतं, जणू खड्डे-उंचवटे लिंपून पृष्ठभाग सारखा करतं. त्यामुळे केवळ पुढच्या पृष्ठभागाचा नकाशा साफ दिसू शकतो. म्हणून मागच्या पृष्ठभागाचा उंचवटा मोजणारा शाइमफ्लुग कॅमेऱ्याचा नकाशा लागतो, आणि शंका असेल तर ओसीटीवर, म्हणजे प्रकाशाने थर मोजणाऱ्या यंत्रावर, एपिथेलियमच्या जाडीचाही नकाशा काढावा. त्यात मध्ये पातळ आणि भोवती जाड असं मेदूवड्यासारखं कडं दिसलं, आणि ते नेमकं मागच्या उंचवट्याच्या समोर असलं, तर लेसरचा विषय तिथेच थांबवावा. याउलट, पुढच्या पृष्ठभागावर उंचवटा दिसतो नेमकं तिथेच आवरण जाड असेल तर तो उंचवटा बहुधा आवरणाचाच असतो, आणि स्ट्रोमा निर्दोष निघू शकतो. हवेचा झोत मारून कॉर्निया किती दबतो हे मोजणारी यंत्रंही आहेत. त्यांचा आकडा नकाशांच्या जोडीनेच वाचायचा.

नकाशा खोटा येण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स तपासणीआधी एक ते दोन आठवडे, आणि कडक लेन्स निदान तीन-चार आठवडे बंद ठेवाव्या लागतात. तरीही नकाशा संशयास्पद आला तर काही आठवड्यांनी पुन्हा काढावा, दोन नकाशे जुळेपर्यंत. इथे घाई करणाऱ्या केंद्रावर विश्वास टाकू नये.

वयही मोजायचं. एकविसाव्या वर्षी काठावर असलेला कॉर्निया पस्तिसाव्या वर्षी काठावर असलेल्यापेक्षा जास्त चिंतेचा, कारण केराटोकोनस ऐन तारुण्यात वाढतो. वर्षभरात नंबर ०.५ हून जास्त बदलला असेल तर थांबावं. घरात कुणाला केराटोकोनस आहे का आणि डोळे चोळायची सवय आहे का, हे विचारलं गेलं नाही तर आपण होऊन सांगावं. ॲलर्जीने खाजणारे डोळे बोटांच्या पेरांनी जोरात चोळणं कॉर्नियाला खरोखर घातक आहे. आधी ॲलर्जीवर उपचार, मग नंबराचा विचार.

जाडी कमी पण आकार निर्दोष असेल तर पीआरके हा मार्ग बहुतेकदा बरा. यात फ्लॅप नसतो. बधिर करणारे थेंब टाकून, साधारण २० टक्के अल्कोहोलने २० ते ३० सेकंद एपिथेलियम सैल करतात, धुतात, बोथट अवजाराने ते हलकेच बाजूला सारतात आणि उघड्या स्ट्रोमावर लेसर चालवतात. मग ०.०२ टक्के मायटोमायसिन या औषधात भिजवलेला स्पंजाचा तुकडा काही सेकंद ठेवून भरपूर निर्जंतुक क्षारद्रावणाने धुतात, म्हणजे पुढे पांढुरका धूसरपणा येण्याची शक्यता घटते. शेवटी संरक्षक लेन्स बसवतात, ती एपिथेलियम भरून येईपर्यंत. आपल्या उणे ७ च्या उदाहरणात पीआरकेनंतर ३५१ मायक्रॉन स्ट्रोमा उरतो, लॅसिकपेक्षा ६० जास्त. बदल्यात पहिले दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही, आणि नजर स्थिर व्हायला आठवडे, कधी तीन महिने जातात. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत न्यायचे असतात. मनाने बंद केले तर धूसरपणा, मनाने चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढण्याची भीती.

स्माइल या तिसऱ्या लेसर पद्धतीत फ्लॅपऐवजी दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून स्ट्रोमाची पातळ भिंगासारखी चकती काढतात. वरचे धागे कमी कापले जातात हे खरं, पण त्याच नंबरासाठी ऊती थोडी जास्तच जाते. संशयास्पद कॉर्नियासाठी ती पळवाट नव्हे. तिच्यानंतरही एक्टेशिया नोंदली गेली आहे. रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) आणि अतिनील किरणांनी धागे बळकट करणारं क्रॉसलिंकिंग वाढता केराटोकोनस थोपवतं, मात्र त्याच्या भरवशावर आजारी कॉर्निया लेसरने आणखी पातळ करणं धाडसाचं.

नकाशा संशयास्पद असेल किंवा नंबर फार मोठा असेल, तर कॉर्नियाला जवळजवळ हात न लावणारा उपाय म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स. सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून ती आत सरकवून बाहुलीच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे ठेवतात. त्यासाठी कॉर्निया आणि भिंग यांच्यामधल्या पुढच्या कप्प्याची खोली निदान २.८ मिलिमीटर लागते. लेन्स आणि भिंग यांच्यातलं अंतर साधारण २५० ते ७५० मायक्रॉन हवं. कमी पडलं तर मोतीबिंदू, जास्त झालं तर डोळ्याच्या आतल्या पाण्याची वाट अरुंद होऊन दाब वाढतो. गरज पडल्यास ती काढता येते, पण ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे, आणि कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी दरवर्षी मोजून घ्याव्या लागतात. कॉर्निया नाजूक असला तर तो फुगत नाही ना, हे नकाशे काढून बघत राहावंच लागतं.

कुठलाही मार्ग निवडला तरी शस्त्रक्रियेआधीचे नकाशे, जाडी, वक्रता आणि नंबर यांच्या प्रती स्वतःजवळ जपून ठेवा. लेसरनंतर कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढतानाही हेच जुने कागद लागतात.