सकाळचं पहिलं पाऊल आणि टाचेमागची कंडरा

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेच्या मागे, जरा वरच्या बाजूला, काहीतरी ताठरल्यासारखं वाटतं. चार पावलं लंगडत जातात, दहा मिनिटांत पाय मोकळा होतो. धावायला निघालं की सुरुवातीला पुन्हा दुखतं आणि अंग तापलं की दुखणं विरून जातं. या दुखण्याचा फसवेपणा इथेच आहे. विरलं म्हणजे बरं झालं असं समजून माणूस अंतर वाढवतो, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी पुढ्यात येतो.

दुखणारी ही जागा म्हणजे अकिलिस टेंडन. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात, वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली दडलेला सोलियस. दोघांची मिळून एक जाड, पांढुरकी कंडरा होते आणि ती टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. शरीरातली ही सर्वांत दणकट कंडरा, आणि तिला तसं असावंच लागतं. धावताना दर पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या ६ ते ८ पट ओढ येते. म्हणजे ६० किलोच्या माणसात साडेतीनशे किलोंच्या वर, तेही मिनिटाला कितीतरी वेळा. शिवाय ती नुसती दोरी नाही, स्प्रिंगही आहे. पाय टेकताना किंचित ताणली जाते आणि पाऊल उचलताना साठवलेली ऊर्जा परत देते.

या दुखण्याला पूर्वी सरसकट टेंडनायटिस म्हणत, म्हणजे कंडरेचा दाह. पण दुखऱ्या कंडरांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दाहाच्या नेहमीच्या खुणा फारशा सापडेनात. दिसलं ते वेगळंच. एका दिशेने शिस्तीत असणारे कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विस्कटलेले, त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारे रेणू वाढलेले, आणि एरवी जिथे नसतात तिथे बारीक रक्तवाहिन्या नि मज्जातंतू शिरलेले. म्हणून आता टेंडिनोपथी हा शब्द वापरतात. दाह अजिबात नसतो असं नाही, पण तो या गोष्टीतलं मुख्य पात्र नव्हे. दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो, त्याचं कारण हे.

मग महिनाभर स्वस्थ बसलं तर कंडरा आपोआप नवी होईल का? या प्रश्नाचं उत्तर अणुचाचण्यांमुळे मिळालं. १९५०च्या दशकात आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वातावरणात झालेल्या अणुस्फोटांनी हवेतलं कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं, आणि १९६३च्या बंदी करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. हा कार्बन वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात येतो. त्यामुळे एखादी ऊती कोणत्या वर्षांत तयार झाली याचा शिक्काच तिच्यावर उमटतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली अकिलिस कंडरेच्या गाभ्यातला हा शिक्का वाचला. माणसाची उंची वाढण्याच्या वयात, सुमारे १७व्या वर्षापर्यंत, जो गाभा तयार होतो तोच पुढे आयुष्यभर जवळपास तसाच राहतो. स्नायूंचं तसं नसतं, त्यांची झीज-भर सतत चालू असते.

मला हा शोध विलक्षण वाटतो, कारण उपचारांची दिशाच त्यातून स्पष्ट होते. विस्कटलेला भाग पुन्हा कोरा करकरीत होईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. भोवतीचे चांगले धागे आणि पोटरीचे स्नायू यांची ताकद वाढवायची. सोनोग्राफीत कंडरा जाड दिसते तशीच राहूनही माणूस विनादुखणं धावू लागतो, हे वारंवार दिसतं. त्यामुळे रिपोर्टमधल्या शब्दांनी घाबरून जाऊ नका. उलट, पूर्ण विश्रांतीत दुखणं शमतं पण कंडरेची आणि पोटरीची भार सोसण्याची ताकदही घटते. माणूस परत धावायला जातो तेव्हा जुनाच भार आता त्याला जास्त पडतो. कित्येकांची वर्षं या चक्रात जातात.

भार देऊनच कंडरा सुधारते, हे रुजवण्यात स्वीडनचे हाडांचे शल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांचा मोठा वाटा आहे. ते स्वतः धावत आणि त्यांचीच टाच दुखत होती. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तेव्हा दुखणं इतकं वाढवायचं की शस्त्रक्रिया करावीच लागेल, असं ठरवून त्यांनी टाचेवर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. दुखणं वाढायच्या ऐवजी गेलं. १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर उठायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीखाली सोडायची. १५ वेळा, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तीन फेरे गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. गुडघा वाकवला की सोलियसला जास्त काम पडतं. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत वजन भरायचं. बारा आठवड्यांनी पंधराही जण पूर्वीसारखे धावू लागले होते.

दिवसाला १८० वेळा टाच सोडणं सगळ्यांना जमत नाही. २०१५ साली डेन्मार्कमध्येच झालेल्या तुलनेत आठवड्यातून फक्त तीनदा, जड वजन घेऊन अगदी संथपणे, टाच वर नेण्याचा आणि खाली आणण्याचा व्यायाम तितकाच उपयोगी ठरला. मला हा मार्ग पाळायला सोपा वाटतो. खूप दुखत असेल तर दोन्ही पायांवर, सपाट जमिनीवर सुरुवात करावी, मग एका पायावर, मग वजन घेऊन.

व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का? शून्य ते दहा अशी मोजपट्टी मनात धरा. पाचपर्यंतचं दुखणं चालतं, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. २००७च्या एका स्वीडिश अभ्यासात हा नियम पाळून धावत राहिलेले आणि पहिले सहा आठवडे धावणं थांबवलेले, असे दोन गट होते. व्यायाम दोघांनीही केला होता, आणि वर्षभराने दोघांच्या प्रकृतीत फरक नव्हता.

दुखणं कंडरेच्या मधल्या भागात नसून अगदी हाडाला चिकटते तिथे असेल, तर मात्र टाच पायरीखाली सोडू नका. तिथे कंडरा हाडावर दाबली जाते, आणि पोटरी ताणण्यानेही तेच होतं. आखडलंय म्हणून ताणणं, हा सहज सुचणारा उपाय या जागी दुखणं वाढवतो. सपाट जमिनीवरचा व्यायाम आणि बुटात टाचेखाली छोटी उंची देणारी गादी यांनी बहुतेकांना आराम पडतो.

बहुतेक वेळा हे दुखणं अंतर, वेग किंवा चढण अचानक वाढवल्यावर सुरू होतं. पण मधुमेह आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल यांचाही हात असू शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांच्या गटातली प्रतिजैविकं कंडरेला इजा करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली त्यांच्यावर तसा ठळक इशारा छापायला लावला. अशी गोळी चालू असताना टाच दुखू लागली तर लगेच डॉक्टरांना सांगा. कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधीही नीट विचारून घ्या, कारण ती तुटण्याची भीती असते. पाठीमागून कोणी काठी मारल्यासारखं वाटलं, फट्‌ आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर कंडरा तुटल्याची शक्यता धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

धावणं पुन्हा सुरू करताना सलग दोन दिवस धावू नका. जोरदार व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस कंडरेत कोलॅजेनची मोड जास्त आणि भर कमी असते, त्यानंतर पारडं भरीकडे झुकतं. सुरुवातीला थोडं धावणं, थोडं चालणं, सपाट रस्त्यावर. उड्या आणि वेगाचा सराव सगळ्यांत शेवटी. पूर्ण बरं व्हायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. दुखणं थांबल्यावरही पोटरीचा व्यायाम आठवड्यातून एक-दोनदा चालूच ठेवा.