चादरीवरचे काळे कण आणि ठासणीच्या रायफलचा बार

अमेरिकेत ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या) रायफलींचे शौकीन एक जुनी युक्ती एकमेकांना सांगत आले आहेत: नळीसमोर जमिनीवर पांढरी चादर पसरा, बंदुकीची दारू वाढवत जा, चादरीवर न जळालेले दाणे दिसू लागले की त्याच्या जरासे खालचे माप योग्य.

युक्ती पटण्यासारखी आहे, कारण काळे कण खरोखर पडतात. पण ते बहुतांशी दारूचे दाणे नसतात. काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असते. ती पूर्ण जळाली तरी वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही. क्षार आणि काजळी म्हणून घनच उरतो. म्हणून अगदी छोट्या बारानेही चादर मळते. कण वेचून, बंदुकीपासून व दारूच्या डब्यापासून दूर, एखाददुसऱ्याला काडी लावून पाहा: दारूचा दाणा भस्सकन पेटतो, राख पेटत नाही.

दारूचे योग्य माप निशाणाच्या कागदावरच कळते. उत्पादकाने दिलेल्या किमान मापापासून सुरुवात करायची, दर वेळी 5 ग्रेन (सुमारे एक तृतीयांश ग्रॅम) वाढवायचे, प्रत्येक मापाला नवा कागद आणि टेकूवरून पाच गोळ्या. दोन बारांमध्ये नळी पुसणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. साचलेली काजळीच निकाल बिघडवते. छिद्रे सर्वांत जवळ पडतील ते माप आपले. वेगमापक लावला तर दिसते की एका टप्प्यानंतर दारू वाढवूनही वेग थोडाच वाढतो, धक्का मात्र बराच. उत्पादकाची कमाल मर्यादा ओलांडायची नाही, आणि धूरविरहित दारू (आधुनिक काडतुसांतली) या नळीत कधीही घालायची नाही, नळी फुटू शकते.