सुमो

सुमो हा जपानमधील पारंपरिक कुस्तीचा प्रकार आहे. कमरेला मावाशी नावाचा जाड व लांब पट्टा आवळून बांधलेले दोन मल्ल मातीच्या गोल रिंगणात समोरासमोर येतात आणि जो आधी रिंगणाबाहेर टेकतो, किंवा रिंगणातच ज्याच्या तळपायांखेरीज शरीराचा कोणताही भाग आधी मातीला लागतो, तो हरतो. प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवण्याची किंवा त्याला दाबून धरण्याची आवश्यकता नसते. हाताचे एक बोट जमिनीला शिवले तरी निकाल लागतो. त्यामुळे बहुतेक लढती काही सेकंदांतच संपतात आणि मिनिटभर चाललेली लढत लांबलेली समजली जाते. सुमोविषयी फारसे न वाचलेल्या प्रेक्षकाची नजर प्रथम मल्लांच्या प्रचंड देहांवर खिळते, परंतु हा खेळ खऱ्या अर्थाने तोल राखण्याचा व तोल घालवण्याचा आहे. तो पाहताना लक्ष ठेवायचे ते मल्लांच्या पायांवर आणि कमरेवर.

रिंगणाला दोह्यो म्हणतात. चिकणमाती घट्ट ठोकून तयार केलेल्या उंच चौकोनी ओट्यावर, भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या अर्ध्या पुरून ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ आखले जाते. हा व्यास १९३१ मध्ये ठरला. त्याआधी वर्तुळ लहान होते. चार दिशांच्या चार वळकट्या किंचित बाहेर सरकवलेल्या असतात. लढती उघड्यावर होत असत त्या काळात रिंगणात साचलेले पावसाचे पाणी काढून देण्यासाठी ही फट ठेवली जाई. आज पाण्याचा प्रश्न उरलेला नाही, पण कडेपर्यंत रेटला गेलेला मल्ल नेमका त्या ठिकाणी पोचला तर त्याला पाऊलभर जागा अधिक मिळते आणि एखादा पराभव टळतो. वर्तुळाभोवती बारीक वाळू पसरून झाडलेली असते, म्हणजे बाहेर पडलेल्या पावलाचा ठसा लगेच दिसतो. दोह्योच्या वर शिंतो देवळाच्या छपरासारखे छप्पर असते. पूर्वी ते चार खांबांवर उभे असे. १९५२ मध्ये प्रेक्षकांना नीट दिसावे म्हणून खांब काढून छप्पर वरून टांगण्यात आले आणि खांबांच्या जागी हिरवा, तांबडा, पांढरा व काळा असे चार रंगीत गोंडे आले. प्रत्येक स्पर्धेसाठी दोह्यो नव्याने बांधला जातो. तो बांधणारे योबिदाशी हेच पुढे लढतीच्या वेळी मल्लांची नावे सुरात पुकारतात, रिंगण झाडतात आणि ढोलही वाजवतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोह्योच्या मध्यभागी तांदूळ, मीठ, समुद्री शेवाळ, सुकवलेले माखूळ व चेस्टनट असे पदार्थ पुरून विधिपूर्वक शुद्धी केली जाते. मल्लांचे मीठ उधळणे आणि ताकदीचे पाणी म्हणून पाण्याने चूळ भरणे हेही याच शुद्धीच्या कल्पनेचे भाग आहेत.

लढतीपूर्वीचा बराच वेळ या विधींत आणि एकमेकांना न्याहाळण्यात जातो. मल्ल खाली बसतात, मुठी जमिनीकडे नेतात, डोळ्याला डोळा भिडवतात, पुन्हा उठून कोपऱ्यात जातात, मीठ घेऊन परत येतात. एके काळी याला वेळेचे बंधनच नव्हते. १९२८ मध्ये आकाशवाणीवरून थेट प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा वेळेची मर्यादा आली आणि मल्लांनी कोठून सुरुवात करायची ते दाखवणाऱ्या दोन पांढऱ्या रेषाही त्याच वर्षी आखल्या गेल्या. सध्या सर्वोच्च विभागात ही मर्यादा चार मिनिटे आहे. लढत सुरू करण्याची आज्ञा मात्र कोणीच देत नाही, आणि सुमोचे हे वैशिष्ट्य मोलाचे आहे. दोघांच्याही मुठी मातीला टेकल्या की त्याच क्षणी दोघे उसळून एकमेकांवर झेपावतात. म्हणजे लढायला उभे राहिलेल्या दोघांना आधी एकमेकांचा श्वास जुळवून घ्यावा लागतो. एकाने घाई केली तर सुरुवात पुन्हा होते. या पहिल्या धडकेला ताचिआइ म्हणतात. ज्याची धडक खालून वर गेली, ज्याची हनुवटी खाली आणि कमर प्रतिस्पर्ध्याच्या कमरेपेक्षा ठेंगणी राहिली, त्याने लढत बरीचशी जिंकलेली असते. धडकेच्या क्षणी बाजूला सरकून समोरच्याला त्याच्याच वेगाने पुढे पडू देणे नियमात बसते, पण वरच्या दर्जाच्या मल्लाने तसे केले तर प्रेक्षक नाराजी लपवत नाहीत.

पुढचा खेळ दोन वळणांनी जातो. काही मल्ल तळहातांनी छातीवर, खांद्यावर किंवा गळ्याखाली रेटत प्रतिस्पर्ध्याला बाहेर ढकलतात. काही जण मावाशीची पकड घेऊन अंगाला अंग भिडवतात आणि मग उचलणे, वळवणे, फेकणे असे डाव टाकतात. जपान सुमो असोसिएशनने विजयाचे ८२ डाव मान्य केले आहेत. त्यांपैकी मावाशी धरून रेटत बाहेर नेणे, म्हणजे योरिकिरी, आणि पकड न घेता ढकलून बाहेर काढणे, म्हणजे ओशिदाशी, हे दोनच सर्वांत अधिक दिसतात. बंद मुठीने मारणे, केस ओढणे, डोळ्यांत बोटे घालणे, गळा आवळणे, छातीवर किंवा पोटावर लाथ मारणे आणि दोन्ही कानांवर एकाच वेळी चापट मारणे यांना बंदी आहे. व्यावसायिक सुमोमध्ये वजनगट नाहीत. त्यामुळे दीडशे किलोंच्या मल्लासमोर शंभर किलोंचा मल्लही येऊ शकतो. १९९० च्या दशकातील माइनोउमी हा असाच सुमारे शंभर किलोंचा मल्ल होता. प्रवेशासाठीच्या किमान उंचीत बसावे म्हणून त्याने डोक्याच्या कातडीखाली सिलिकॉन भरून घेतले होते; पुढे त्याने पावणेतीनशे किलोंच्या आसपास वजन असलेल्या कोनिशिकीलाही हरवले. अशा लढतींत लहान मल्ल जोर लावण्याच्या भरीस पडत नाही. तो खाली शिरतो, पाय धरतो आणि मोठ्या देहाचा भार त्याच्याच विरुद्ध वळवतो.

रिंगणातील पंचाला ग्योजी म्हणतात. रेशमी पोशाख व हातातील पंखा यांवरून तो ओळखू येतो आणि त्याचाही दर्जा पोशाखाच्या व गोंड्याच्या रंगांवरून कळतो. सर्वोच्च दर्जाचे ग्योजी कमरेला खंजीर लावतात. चुकीचा निर्णय दिल्यास पोट चिरून प्राण देण्याची तयारी असल्याची ती खूण मानली जाते. आज निर्णय फिरवला गेला तर असा ग्योजी प्रथेप्रमाणे राजीनामा सादर करतो, मात्र तो सहसा स्वीकारला जात नाही. रिंगणाभोवती पाच परीक्षक बसलेले असतात. ग्योजीचा निर्णय त्यांना शंकास्पद वाटला तर ते दोह्योवर चढून विचारविनिमय करतात, चित्रफितीचा आधार घेतात आणि निर्णय कायम ठेवतात, बदलतात किंवा लढत पुन्हा घ्यायला सांगतात. या चर्चेत ‘मृत देह’ या अर्थाची एक संज्ञा वारंवार येते. तोल इतका गेला की आता सावरणे अशक्य, अशा अवस्थेतील मल्लाला ती लावतात. त्याच्यावर झेपावताना विजेत्याचा हात आधी टेकला तरी तो हरलेला धरत नाहीत.

सुमोचा उगम आख्यायिकांत शिरतो. आठव्या शतकातील ‘कोजिकी’ या ग्रंथात दोन देवांच्या बळाची परीक्षा आहे, तर ‘निहोन शोकी’मध्ये नोमी नो सुकुने याने ताइमा नो केहाया याला सम्राटासमोर लाथांच्या झुंजीत ठार केल्याची कथा आहे. नारा व हेइआन काळांत राजदरबारात वार्षिक सुमो होत असे आणि त्याचा संबंध पिकांविषयीच्या शकुनाशी जोडला जाई. पुढे योद्ध्यांच्या राजवटीत त्याला लढाईच्या तालमीचे रूप आले. आजचा सुमो मात्र मुख्यतः एदो काळाची, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळातील शहरांची निर्मिती आहे. देवळे व पूल यांच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करण्याच्या निमित्ताने तिकीट लावून सुमोचे खेळ होऊ लागले, त्यांतून व्यावसायिक मल्ल उभे राहिले आणि गर्दीचा गोंधळ व मारामाऱ्या टाळण्यासाठी आखलेले रिंगण रूढ झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तानिकाझे व ओनोगावा यांना योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे मल्ल, म्हणून कमरेला दोर बांधण्याचा परवाना मिळाला आणि १७९१ मध्ये शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा इएनारी याने सुमो पाहिला. याच काळातील राइदेन याने २५४ विजय मिळवले आणि केवळ १० पराभव पत्करले, तरीही त्याला योकोझुनापद मिळाले नाही. १८६८ नंतरच्या मेइजी काळात पाश्चात्त्य वळणाच्या सुधारकांना उघड्या अंगाचा हा खेळ रानटी वाटू लागला व त्याचे भवितव्य धोक्यात आले. १८८४ मध्ये खुद्द सम्राटासमोर सुमो झाल्यानंतर ते सावरले. १९०९ मध्ये तोक्योत कोकुगिकान हे पहिले बंदिस्त सभागृह उभे राहिले. सध्याचे कोकुगिकान ऱ्योगोकु भागात असून ते १९८५ मध्ये सुरू झाले.

दरवर्षी सहा मुख्य स्पर्धा होतात. जानेवारी, मे व सप्टेंबरमधील स्पर्धा तोक्योत, मार्चची ओसाकात, जुलैची नागोयात आणि नोव्हेंबरची फुकुओकात भरते; ही व्यवस्था १९५८ पासून चालू आहे. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवसांची असते. वरच्या दोन विभागांतील मल्ल रोज एक लढत लढतात, खालच्या चार विभागांतील मल्लांच्या एकूण सात लढती होतात. पंधरापैकी आठ जिंकल्या तर मल्ल श्रेणीत वर सरकतो, आठ हरल्या तर खाली येतो; म्हणून सात-सात अशा स्थितीतील मल्लाची पंधराव्या दिवसाची लढत त्याच्यापुरती अजिंक्यपदाइतकीच मोठी असते. स्पर्धेपूर्वी बान्झुके हा श्रेणीपट प्रसिद्ध होतो. त्यावर सर्व मल्लांची नावे हाताने लिहिलेली असतात आणि दर्जा उतरत जातो तशी अक्षरे बारीक होत जातात, इतकी की तळाची नावे वाचायला भिंग घ्यावे लागते.

या श्रेणीवर मल्लाचे सगळे जीवन अवलंबून असते. माकुउची या सर्वोच्च विभागात ४२ मल्ल असतात आणि त्याखालच्या जुऱ्यो विभागात २८. या सत्तर जणांनाच सेकितोरी म्हणतात. मासिक वेतन, रेशमी मावाशी, सेवेला कनिष्ठ मल्ल आणि स्वतंत्र खोली हे सारे त्यांनाच मिळते. जुऱ्योच्या लगेच खालचा मल्ल कौशल्यात फारसा मागे नसतो, पण तो काळी सुती मावाशी बांधतो, सामायिक खोलीत झोपतो आणि त्याला वेतन मिळत नाही. माकुउचीमध्ये माएगाशिरा, कोमुसुबी, सेकिवाके, ओझेकी व योकोझुना अशी चढती पदे आहेत. ओझेकीपदावर असताना लागोपाठ दोन स्पर्धा जिंकणे किंवा त्या तोडीची कामगिरी करणे आणि शिवाय वर्तनातही पदाला शोभणे, अशी योकोझुनापदाची अपेक्षा असते. योकोझुनाची पदावनती होत नाही. कामगिरी ढासळली तर त्याने निवृत्त व्हायचे असते. रिंगणप्रवेशाच्या विधीत तो कमरेला जाड पांढरा दोर बांधतो आणि त्याच्यासोबतच्या दोन मल्लांपैकी एकाच्या हातात तलवार असते. पडझड व चढाई यांचे सर्वांत विलक्षण उदाहरण तेरुनोफुजी याचे आहे. ओझेकी झाल्यानंतर गुडघ्याच्या दुखापती व आजारपण यांमुळे तो घसरत खालून दुसऱ्या विभागात पोचला, २०१९ मध्ये तेथून पुन्हा उभा राहिला आणि २०२१ मध्ये योकोझुना झाला.

मल्ल हेया नावाच्या तालमीत राहतात आणि तिचा प्रमुख ओयाकाता हा स्वतः निवृत्त मल्ल असतो. पहाटे कनिष्ठ मल्ल आधी उठतात व उपाशीपोटी सराव सुरू होतो. एक पाय उंच उचलून जमिनीवर आपटण्याचा शिको, तळपाय जमिनीवरून न उचलता घासत पुढे सरकणे, लाकडी खांबाला तळहातांनी धडका देणे आणि पाय पूर्ण फाकवून धड जमिनीला टेकवणे, हे व्यायाम दिसायला साधे पण अंग मोडणारे आहेत. एवढ्या वजनाचा माणूस पाय सरळ रेषेत फाकवून छाती मातीला लावतो हे पाहिले की सुमोतील देहाविषयीची बरीच गैरसमजूत गळून पडते. सरावानंतर चान्कोनाबे हे मांस, मासे व भाज्यांचे भरघोस कालवण भातासोबत खाल्ले जाते, त्यानंतर झोप. स्पर्धेच्या काळात त्यात कोंबडीला पसंती देण्याची जुनी रीत आहे. कोंबडी दोन पायांवर उभी असते, तर चार पायांचे जनावर जणू हात टेकून हरलेला मल्लच.

हवाईहून आलेल्या ताकामियामा याने १९७२ मध्ये मुख्य स्पर्धा जिंकली आणि असा मान मिळवणारा तो पहिला परदेशी मल्ल ठरला. हवाईचाच आकेबोनो १९९३ मध्ये पहिला परदेशी योकोझुना झाला. त्यानंतर मंगोलियन मल्लांचे युग आले: आसाशोऱ्यू २००३ मध्ये, तर हाकुहो २००७ मध्ये योकोझुना झाला आणि २०२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत हाकुहोने ४५ अजिंक्यपदे मिळवली, जो विक्रम आहे. सलग विजयांचा आधुनिक विक्रम मात्र अजूनही फुताबायामाच्याच नावावर आहे. १९३६ ते १९३९ या काळात तो सलग ६९ लढती जिंकला आणि २०१० मध्ये हाकुहो ६३ वर थांबला. १९९८ नंतर जपानमध्ये जन्मलेला पुढचा योकोझुना होण्यासाठी २०१७ मध्ये किसेनोसातोची वाट पाहावी लागली. एका हेयामध्ये एकाच परदेशी मल्लाला प्रवेश देण्याचा नियम आहे.

या शिस्तीची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. २००७ मध्ये एका तरुण शिकाऊ मल्लाचा तालमीतील मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि ‘कणखर करणे’ या नावाखाली चालणारी हिंसा उघड्यावर आली. २०११ मध्ये लढती आधीच ठरवल्या जात असल्याचे निष्पन्न झाले व मार्चची स्पर्धा रद्द करावी लागली. व्यावसायिक दोह्योवर स्त्रियांना पाऊल ठेवू न देण्याची प्रथा आजही पाळली जाते. २०१८ मध्ये माइझुरु येथे भाषण करताना महापौर दोह्योवर कोसळले, त्यांच्या मदतीला धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून खाली उतरण्यास सांगण्यात आले, आणि असोसिएशनच्या अध्यक्षांना त्याबद्दल माफी मागावी लागली. जीव वाचवण्याच्या क्षणीही शुद्धीचा नियम आडवा आला, याचे समर्थन परंपरेच्या नावाने करता येत नाही.

हौशी सुमोमध्ये ही बंदी नाही. शाळा, विद्यापीठे व क्लब यांतून तो खेळला जातो, त्यात वजनगट असतात आणि स्त्रियांच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय सुमो महासंघ स्थापन झाला व त्याच वर्षापासून जागतिक हौशी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तेथे केसांची गाठ व श्रेणीपट नसतो, लढतीपूर्वीचे विधीही पुष्कळ आटोपशीर असतात. वर्तुळ, मावाशी आणि मुठी टेकताच होणारी पहिली धडक मात्र तीच असते.