मेंदूतलं पाणी: काठ ढासळला की फुगवटा आला?

कृष्णेचं पात्र एखाद्या फोटोत नेहमीपेक्षा रुंद दिसलं, तर सांगलीचा माणूस आधी विचारणार, पाणी चढलंय का? पण काठाची माती ढासळून नदी पसरली असेल तरी फोटो तसाच दिसेल. म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये नेमकी हीच गफलत होते.

मी मिरजेत एमआरआयच्या फिल्म वाचतो. तासगाव, जत, कवठेमहांकाळ, पार अथणीपर्यंतची माणसं पिशवीत फिल्म घालून येतात. सत्तरी ओलांडलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा एवढंच असतं: ‘विसरतात. एमआरआय ब्रेन.’ रिपोर्टात ‘व्हेंट्रिकल मोठे’ असं येतं आणि घरी पोचेपर्यंत त्याचं कुणी ‘मेंदू आकसलाय’ करतं, तर कुणी ‘मेंदूत पाणी झालंय’. दोन्ही एकच, असं समजून फिल्म कपाटावर जाते. साठी बुद्धी नाठी म्हणायला आपण मोकळेच असतो.

व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूच्या आतल्या पोकळ्या. त्यांत पाण्यासारखा द्रव तयार होतो, दिवसाला साधारण अर्धा लिटर. मेंदूभोवती आणि मणक्यात फिरून तो रक्तात शोषला जातो, त्यामुळे एका वेळी आत असतो तो जेमतेम १५० मिली. पोकळ्या मोठ्या दिसल्या की पाणी वाढलंय एवढं नक्की. का वाढलंय, हा खरा प्रश्न.

आकसलेला मेंदू समजायला तासगावचा बेदाणा पुरे. द्राक्ष वाळलं की आतला गर कमी होतो आणि सालीवरच्या सुरकुत्या खोल होतात. मेंदूचंही तसंच. पेशी झिजल्या की बाहेरच्या घड्यांमधल्या खाचा रुंदावतात, आतल्या पोकळ्याही रुंदावतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी येऊन बसतं. हा ढासळलेला काठ. थोडी झीज वयाने होतेच. अल्झायमरमध्ये ती बहुधा कानाच्या आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नावाच्या आठवणींच्या भागात आधी आणि जास्त दिसते. तिला ० ते ४ गुण देण्याची डच न्यूरोलॉजिस्ट शेल्टेन्स यांची पद्धत १९९२ पासून आहे; गुण जास्त, तशी झीज जास्त. पंचाहत्तरीच्या आत २ गुण मिळाले तरी आम्ही थबकतो. पंचाहत्तरीनंतर तेच २ गुण वयात बसू शकतात. म्हणून चिठ्ठीवर वय चुकीचं पडलं तर रिपोर्टही चुकतो, आणि आमच्याकडे आधार कार्डावरची जन्मतारीख १ जूनच असलेली माणसं काही थोडी नाहीत.

दुसरा प्रकार फुगवट्याचा. अलमट्टी धरणावरून भांडायला ही जागा नाही, पण फुगवटा म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही: येणारं पाणी तेवढंच, पुढे निचरा होत नाही म्हणून मागे पसरतं. मेंदूतलं पाणी शोषलं जाण्यात अडथळा आला की पोकळ्या हळूहळू ताणत जातात. बोगोट्याचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम आणि बोस्टनचे रेमंड अॅडम्स यांनी १९६५ मध्ये हा आजार मांडला. त्याचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, कारण पाठीत सुई घालून दाब मोजला तर तो नॉर्मल येतो. नाव ऐकून नातेवाईक म्हणतात, ‘नॉर्मल आहे ना, मग झालं!’ इतकं फसवं नाव दुसऱ्या कुठल्या आजाराचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

फिल्मवर दोघांना वेगळं कसं करायचं? नुसत्या रुंदीवर जाऊ नका. पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची, म्हणजे पुढे निघालेल्या टोकांची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी, हा इव्हान्स इंडेक्स ०.३ च्या वर गेला तर पोकळ्या मोठ्या, एवढंच ठरतं. तो दोन्हीकडे वर जातो. मी आधी टाळूखालच्या, म्हणजे डोक्याच्या माथ्याकडच्या घड्या बघतो. बेदाण्याच्या सुरकुत्या सगळीकडे खोल असतात. फुगवट्यात मात्र टाळूकडच्या खाचा दाटून बंद झाल्यासारख्या दिसतात, आणि खाली कानाच्या वरची सिल्व्हियन नावाची मोठी खाच उलट रुंद असते. वर दाटी आणि खाली ऐसपैस, असं नुसत्या झिजेने सहसा होत नाही. मग कोन. समोरून घेतलेल्या छेदात दोन पोकळ्यांच्या मधला कोन फुगवट्यात बहुधा ९० अंशांच्या आत येतो, अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखा. झिजेत पुस्तक उघडं असतं. पण छेद ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या तिरकेपणाने घेतला नाही, तर हा आकडा कामाचा नाही.

हिप्पोकॅम्पसपाशी जपून. शेजारची पोकळी ताणली की तो चपटा दिसतो आणि झिजल्याचा भास होतो. तिथेच नजर अडकली तर फुगवट्यावर अल्झायमरचा शिक्का बसतो.

म्हणून फिल्म लावायच्या आधी मी एकच विचारतो: आधी काय बिघडलं, चालणं की आठवण?

एकदा सावळजकडचा एक मुलगा म्हणाला, “साहेब, इसरत्यात आत्ता आत्ता. पण दोन वर्सं झाली, अण्णांचं पाय भुईला चिकटल्यागत व्हत्यात. उंबऱ्याशी उभंच ऱ्हात्यात.” आणि लघवी? तो जरा लाजला. “धोतर बदलाय लागतंय.” चिठ्ठीवर यातलं काहीच नव्हतं. आधी पावलं अडणं, पाय फाकवून छोटी छोटी पावलं टाकणं, वळायला चार-पाच पावलं लागणं, मग लघवी आणि विस्मरण, हा फुगवट्याचा नेहमीचा क्रम. अल्झायमरमध्ये चालणं बरेच दिवस शाबूत राहतं. माणूस घरचा रस्ता विसरतो, पण झपझप चालत विसरतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर झिजलेला काठ परत बांधता येत नाही, फुगवट्याला मात्र कधी कधी वाट काढून देता येते. पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून आधीचं आणि नंतरचं चालणं घड्याळ लावून मोजतात. फरक पडला तर न्यूरोसर्जन हे पाणी पोटात उतरवायला कातडीखालून पोटापर्यंत नळी घालण्याचा विचार करतात. फरक पडला नाही म्हणून आजार नाहीच, असंही नसतं. नळीने चालणं सगळ्यात जास्त सुधारतं, आठवण सगळ्यात कमी. नळी तुंबू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पाणी जास्त वाहिलं तर कवटीखाली रक्त साठू शकतं. शिवाय काहींना दोन्ही आजार एकदम असतात, काठही ढासळलेला आणि पाणीही चढलेलं. तिथे नळीनंतर चालणं सुधारतं आणि विसरणं चालूच राहतं. हे आधी सांगितलं नाही तर घरचे ऑपरेशन फसलं म्हणतात.

हल्ली मी फोनवरच सांगून ठेवतो, येताना जुन्या फिल्म आणा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. खुर्चीतून उठणं, दहा पावलं जाणं, वळणं, परत येऊन बसणं. अंगणात काढला तरी चालतो, फक्त पाय दिसले पाहिजेत.